तबक सोडायचं नाही

फेदोस्या : अहो, ते भाषण राहू द्या क्षणभर. आधी मला सांगा, माझं तबक त्या पावाखाली काय करतंय?

कोंद्राती : ‘महामहीम, आमच्या या लहानशा, परंतु निष्ठावान नगराच्या वतीनं...’ मधे बोलू नकोस गं. दर वेळी ‘निष्ठावान’पाशी आलो की तू काहीतरी विचारतेस आणि मला पुन्हा ‘महामहीम’पासून सुरुवात करावी लागते.

फेदोस्या : तबक.

कोंद्राती : धक्क्यावर न्यायचंय. तासाभरात गव्हर्नरसाहेबांची आगबोट लागेल. पाव आणि मीठ घेऊन सामोरं कोण जाणार? नगराध्यक्ष. नगराध्यक्ष कोण? मी. मग पाव काय टोपीत घालून नेऊ?

फेदोस्या : आणि गावानं मॉस्कोहून मागवलेलं तबक? मधे हंस काढायचा की कोंबडा, यावर दोन महिने भांडत होतात ना सगळे सभेत?

कोंद्राती : ते आलं परवा. हंस छान आलाय.

फेदोस्या : मग?

कोंद्राती : काठावर नाव जुन्या गव्हर्नरांचं आहे.

मावरा : ते तर बर्फ वितळायच्या आत बदलून गेले की रे.

कोंद्राती : आम्ही मागवलं तेव्हा नव्हते गेले, आई.

फेदोस्या : नाव खरवडून टाका.

कोंद्राती : खरवडायला ती काय भिंत आहे? चांदीवर मीना भट्टीत भाजलेला असतो. निळ्यावर पांढरी अक्षरं. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, खाली सगळ्या पदव्या. काम इतकं देखणं की बघत राहावं. पण बघायला बोलावणार कुणाला?

मावरा : नव्या साहेबांना म्हणावं, तेच नाव घ्या. माणूस सरकारी आहे, हुकूम आला की घेईल.

कोंद्राती : आई, तू चहा पी. तर काल सभेत सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आणि तो झोब्निन उठून म्हणतो कसा, माझ्याकडं घरी एक तबक आहे, नवंकोरं, ते देतो. लाकडाच्या वखारीवर चार पैसे काय मिळाले, लागला तबकं वाटायला. मग मला राहवेना. म्हटलं, नवं कशाला? आमच्या घरी अस्सल जुनं, उसोल्ये गावच्या कारागिरांचं मीनाकाम आहे, दोनशे वर्षांपूर्वीचं. पांढरा मीना, त्यावर ट्युलिपची फुलं, मधे हंस, आणि जोडीला मीठदाणी, झाकणाची, छोट्या सिंहासनासारखी. असे कारागीर आता उरले नाहीत म्हटलं. सगळे गप्प झाले. झोब्निन तर इतका गप्प झाला की मला त्याची दया आली.

फेदोस्या : आमच्या घरी म्हणालात?

कोंद्राती : आमच्याच घरी आहे ना.

फेदोस्या : ते माझ्या आईचं आहे. तिच्या आईचं होतं. मी लग्नाला निघाले तेव्हा त्याच्यावरच पाव-मीठ ठेवून मला आशीर्वाद दिला. येत्या रविवारी उल्यानाचं लग्न आहे. पोरगी शिंपिणीकडं झगा अंगावर घालून उभी आहे, आणि तिचा बाप तबक वाटत सुटलाय.

कोंद्राती : वाटत कुठं सुटलोय? संध्याकाळी परत आणतो. बिशपसाहेब आले होते तेव्हा नाही का, त्यांनी पावाला ओठ लावले, आशीर्वाद दिला आणि तबक जिथल्या तिथं चर्चच्या डीकनच्या, म्हणजे त्यांच्या मदतनिसाच्या हातात दिलं. पाच मिनिटांचं काम. पुसून पुन्हा कपाटात.

मावरा : बिशपांची गोष्ट वेगळी.

कोंद्राती : वेगळी कशी?

मावरा : बिशप देवाचा माणूस. गव्हर्नर सरकारचा. सरकारच्या हातात दिलेलं काही परत आलेलं तू पाहिलंयस का?

कोंद्राती : आई, कोड्यात बोलू नकोस.

मावरा : कोडं कसलं त्यात. तुझा सेवास्त्यानमामा तिकडं त्यांच्या गावच्या समितीवर होता ना. त्यांच्याकडं आला होता एक गव्हर्नर. पाव-मीठ दिलं. साहेबांनी चिमूटभर पाव तोडला, मिठात बुडवला, खाल्ला, छान म्हणाले. मागून एक बुटांचा आवाज करणारा पोरगेला अधिकारी आला, पाव उचलून घोड्यापुढं ठेवला आणि तबक पेटीत. पेटी आतून मखमलीची. सोबतच आणलेली. असली तबकं त्यांच्या जेवणाच्या दालनात भिंतीवर ओळीनं टांगतात म्हणे.

कोंद्राती : घोड्यापुढं?

मावरा : तुला घोड्याची पडलीय?

फेदोस्या : म्हणजे तबक पाहुण्यालाच द्यायचं असतं. सासूबाई, हे तुम्हाला कालपासून माहीत होतं?

मावरा : मला काल कुणी विचारलं? हा रात्री येऊन सांगत बसला, झोब्निनचं तोंड कसं झालं. मला आवडलं ते. म्हटलं पुढचं सकाळी बघू.

कोंद्राती : अठ्ठावीस वर्षांत या गावात गव्हर्नर आला नाही गं. कुणाला माहीत असणार? आता सभेच्या वहीत लिहिलंय, ‘नगराध्यक्षांच्या घरचे तबक’. खाली सगळ्यांच्या सह्या. सगळ्यात मोठी माझी.

फेदोस्या : झोब्निनचं न्या.

कोंद्राती : त्याच्या दारात जाऊन? त्यापेक्षा मी नदीत उडी मारतो, साहेबांची बोट येतेच आहे, तेवढं काढतील मला बाहेर.

फेदोस्या : लाकडी ताटात न्या.

कोंद्राती : मॉस्कोहून तबक मागवलं म्हणून गावभर सांगून झालंय. लाकडी ताटात नेलं तर लोक म्हणतील, नगराध्यक्षानं पैसे खाल्ले.

मावरा : नाही खाल्लेस ना?

कोंद्राती : आई.

मावरा : विचारून ठेवलं.

फेदोस्या : थांबा. मला विचार करू द्या. पावाखाली कशिद्याचा टॉवेल असतो, बरोबर? तो मी पावाला चारी बाजूंनी गुंडाळते आणि खालून चार टाके घालते. साहेब पाव घेतील, तर टॉवेलासकट उचलला जाईल. लोकांना काय दिसेल? साहेबांनी पाव घेतला. बस. तबक तुमच्याच हातात राहील.

कोंद्राती : आणि त्यांनी तबकालाच हात घातला तर?

फेदोस्या : सोडायचं नाही.

कोंद्राती : काय?

फेदोस्या : तबक सोडायचं नाही. घट्ट धरायचं. त्यांना वाटेल, माणूस भारावलाय.

कोंद्राती : फेदोस्या, मी गव्हर्नरशी ओढाओढी करू? गळ्यात अध्यक्षपदाची साखळी, समोर अग्निशामक दलाचा बँड, मागं सगळं गाव. मी काय बाजारातला मासेवाला आहे?

फेदोस्या : ठीक आहे. सोडा मग. रविवारी लेकीला तळणीच्या तव्यावर पाव ठेवून आशीर्वाद द्या. तुमचे व्याही येतील बघायला. त्यांना सांगा, तबक गव्हर्नरच्या भिंतीवर आहे, तिकडं जाऊन बघा.

मावरा : तवा नको. बिड्याचा आहे, जड होतो. कढई बरी.

कोंद्राती : तुम्ही दोघी मिळून मला...

फेदोस्या : अहो, इकडं बघा. मी चेष्टा करत नाही. माझी आई गेली तेव्हा मला तिचा चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही, नदी गोठलेली होती, बोट नव्हती. तिच्या हातांतलं हे एवढंच माझ्याकडं आहे. पाव ठेवताना ती याला अंगठ्यानं पुसायची, इथं, हंसाच्या मानेवर. ते लेकीपर्यंत पोचवायचं एवढंच माझं काम होतं. पंचवीस वर्षं सांभाळलं. तुम्हाला एका झोब्निनसमोर गप्प बसता आलं नाही.

कोंद्राती : टाके घाल. पक्के घाल. मी धरून ठेवतो.

मावरा : भाषण विसरू नकोस.

कोंद्राती : ‘महामहीम, आमच्या या लहानशा, परंतु...’

फेदोस्या : हात वर करा, टॉवेलाचं टोक बाहीत अडकलंय.

(दुपार. तेच घर. चहाचा समोवार पुन्हा पेटवलेला. कोंद्राती आत येतो आणि टोपी न काढताच बाकावर बसतो.)

फेदोस्या : तबक?

कोंद्राती : हे घे. कोटाच्या आत आहे.

फेदोस्या : देवा, तुझी दया. सासूबाई, आलं बघा. मीठदाणीसुद्धा आली. अहो, तुम्ही माणूस आहात हो खरे. बसा, माशाची पाई ठेवलीय झाकून. प्यायला थंड क्वास देऊ? आज तुम्ही मागाल ते.

कोंद्राती : मला काही नको. उद्या मी राजीनामा देतोय.

फेदोस्या : का?

कोंद्राती : धक्क्यापासून इथपर्यंत चालत आलो. एकानं टोपी काढली नाही. झोब्निन मात्र वाटेत आडवा आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका. मला म्हणाला. सगळं गाव म्हणतंय, गव्हर्नरसाहेबांनी आमचं तबक नाकारलं, म्हणजे गावावर नाराजी आहे.

मावरा : आधीपासून सांग. आणि टोपी काढ.

कोंद्राती : आधीपासून काय. बोट लागली. बँड वाजला. लाल कापडावरून साहेब उतरले. मला वाटलं होतं चांगला धिप्पाड, मिशावाला असेल. तर हडकुळा म्हातारा, सत्तरीचा, कॉलर गळ्याला सैल झालेली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी सुरू केलं.

मावरा : कुठपर्यंत आलास?

कोंद्राती : ‘निष्ठावान’पर्यंत.

फेदोस्या : मग?

कोंद्राती : मग सवयीनं थांबलो. वाटलं, आता तू काहीतरी विचारशील.

मावरा : पुढं.

कोंद्राती : मी थांबलो म्हणून त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी हात पुढं केले आणि पाव सोडून सरळ तबकच धरलं, दोन्ही बाजूंनी. मी पण दोन्ही बाजूंनी धरलेलं. ते हसले. मी हसलो. त्यांनी जरा ओढलं. मी सोडलं नाही.

फेदोस्या : शाबास.

कोंद्राती : शाबास काय म्हणतेस? बँडचं गाणं संपलं, त्यांनी दुसरं सुरू केलं, आणि आम्ही तसेच. त्यांनी पुन्हा ओढलं. मीठदाणीचं झाकण उघडलं आणि सगळं मीठ साहेबांच्या बुटांवर.

मावरा : मीठ सांडलं? म्हणजे भांडण ठरलेलं.

कोंद्राती : भांडण चालूच होतं, आई. तेवढ्यात तुझा तो बुटांचा आवाज करणारा अधिकारी मदतीला आला. आता तबकाला तिघांचे हात. तो मला कानात म्हणतो, सोडा, अध्यक्षमहाराज, सोडा. मला घाम फुटलेला, बोटं आखडलेली. मला सोडायचं असतं तरी सुटलं नसतं. आणि माझ्या तोंडून भाषणाऐवजी भलतंच निघालं.

फेदोस्या : काय?

कोंद्राती : म्हणालो, साहेब, रविवारी मुलीचं लग्न आहे हो.

फेदोस्या : अगं बाई.

कोंद्राती : ते थांबले. अधिकाऱ्याला डोळ्यांनी मागं सरकवलं. मग अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल असं विचारलं, हे तबक घरचं आहे का? मी म्हटलं, बायकोचं आहे, तिच्या आईचं, आजीचं. याच्यावरून लेकींना आशीर्वाद देतात. मग त्यांनी तबक सोडलं नाही, पण ओढलंही नाही. वाकून बघत राहिले. काठावर तो टवका उडालाय ना फुलापाशी, त्यावर बोट ठेवून विचारलं, हा कसा?

मावरा : तू काय सांगितलंस?

कोंद्राती : खरं ते सांगितलं. माझं लग्न झालं तेव्हा उंबऱ्यावर याच तबकात पाव-मीठ घेऊन सुनेला सामोरं जाताना माझ्या आईच्या हातून पडलं.

मावरा : हे तू गव्हर्नरला सांगितलंस?

कोंद्राती : विचारलं त्यांनी.

मावरा : पंचवीस वर्षं हिनं शब्द काढला नाही, आणि तू बँड लावून सरकारला सांगितलंस. त्या दिवशी उंबऱ्यावर बर्फ होतं. तेही सांगायचंस.

फेदोस्या : मग काय म्हणाले ते?

कोंद्राती : म्हणाले, माझ्या घरी अशी एक्केचाळीस आहेत. प्रत्येक गावाचं एक. भिंती भरल्या, आता कपाटात उभी करून ठेवलीत. आठवड्यातून एकदा नोकर धूळ पुसतो. बायको होती तोवर ती मला सांगायची, हे कुठलं, ते कुठलं. आता मला आठवतही नाही. मूलबाळ नाही. एक्केचाळीस तबकं आहेत, पण त्यांतल्या एकावरूनसुद्धा कधी कुणाला आशीर्वाद दिला गेला नाही, म्हणाले. एवढं बोलले आणि हात काढून घेतले.

फेदोस्या : असं म्हणाले?

कोंद्राती : असंच. मग पाव उचलला. तुझे टाके पक्के होते, टॉवेलासकट आला. लहान मूल घ्यावं तसा काखेत धरला आणि चालू लागले. लोकांना काय दिसलं? साहेब अध्यक्षाच्या कानात काहीतरी कडक बोलले, पाव घेतला, तबक ठेवून गेले. झालं. मी म्हटलं ना, राजीनामा.

मावरा : घोड्याला दिला का पाव?

कोंद्राती : नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसले. मी बघितलं, कोर तोडून खात होते.

फेदोस्या : एवढंच झालं?

कोंद्राती : एवढंच.

फेदोस्या : अहो, तुम्ही ‘एवढंच’ म्हणताना कान खाजवता. पंचवीस वर्षं बघतेय मी.

कोंद्राती : गाडीत बसायच्या आधी एक वाक्य बोलले. पण ते माझी थट्टा करत होते. माझ्यासारख्याची थट्टा करतात असे लोक.

फेदोस्या : काय बोलले?

कोंद्राती : म्हणाले, रविवारी मी नदीनं परत येतोय, याच गावावरून. बोट दोन तास थांबते. तुमची हरकत नसेल तर बोलवा मला लग्नाला.

मावरा : कोंद्राती.

कोंद्राती : काय?

मावरा : लग्नात मिरवायला लोक शहरातून म्हातारा निवृत्त जनरल भाड्यानं आणतात. पंधरा रूबल आणि दोन बाटल्या देऊन. झोब्निनच्या लेकीच्या लग्नात होता तो तर जनरलही नव्हता, तोफखान्यातला कारकून होता, मेडल उसनं. आणि तुझ्या लेकीच्या लग्नाला जिवंत गव्हर्नर स्वतःहून येतो म्हणाला. तू काय उत्तर दिलंस?

कोंद्राती : मी वाकून नमस्कार केला.

मावरा : आणि?

कोंद्राती : वाकलेलाच राहिलो. मान वर केली तेव्हा गाडी वळणावर होती.

मावरा : याचे वडीलही असेच होते. मला मागणी घालायला आले आणि टोपीबद्दल बोलून गेले.

कोंद्राती : थट्टा असेल गं आई. मी बोलवायला गेलो आणि सगळ्यांसमोर हसले तर? आज जेवढी अब्रू गेली तेवढी पुरे आहे. फेदोस्या, तू तरी सांग. तुझं तबक आलं ना परत.

फेदोस्या : बोट किती वाजता सुटते?

कोंद्राती : चारला, साहेब गाव बघून आले की. का?

फेदोस्या : थट्टा करणारा माणूस टवका कसा उडाला ते विचारत नाही. जा तुम्ही. कोट पुसून घ्या, मीठ आहे बाहीवर. सरळ बोटीवर जा आणि सांगा, मुलीच्या आईनं बोलावलंय. नगराध्यक्षानं नाही, आईनं. नीट लक्षात ठेवा, भाषण करू नका.

कोंद्राती : आणि आले तर त्यांना बसवायचं कुठं?

फेदोस्या : बसवायचं नाही. आशीर्वादाच्या वेळी तुम्ही देवाचं चित्र धरा, मी मीठदाणी धरते. तबक त्यांच्या हातात द्यायचं, पावासकट. उल्याना समोर गुडघे टेकेल.

मावरा : सूनबाई, तुमच्या घराण्यात आशीर्वादाच्या वेळी आजवर बाईशिवाय कुणी ते हातात घेतलेलं नाही.

फेदोस्या : मला माहीत आहे, सासूबाई. सकाळी मला वाटत होतं, कुणी बोट लावलं तरी मी मरेन. आता त्या माणसाची रिकामी जेवणाची खोली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आई असती तर तिनंही दिलं असतं.

कोंद्राती : तू म्हणतेस म्हणून जातो. पण एक सांग. रविवारी त्यांनी तबक घट्ट धरलं आणि सोडलंच नाही, तर काय करायचं?

फेदोस्या : धरू द्या. त्या वेळी कुणी ओढायचं नाही.